लोकरीची प्रत

बाबा लोकरीची प्रत ठरवायचे,
डोळे मिटून, नुसत्या चिमटीत.
ही मानेवरची, ही पोटाखालची,
ही म्हाताऱ्या मेंढीची, हिला बाजूला टाका.
चिमूट सोडली तरी बोटांना राहायचा
एक पिवळट, ओशट, उबदार वास.
रात्री पावालासुद्धा तोच लागायचा.

तो मला पुन्हा भेटला
पुंता अरेनासच्या इस्पितळाच्या तळघरात,
मी पहिली गाठ कापली तेव्हा.
संत्र्याएवढी. वरून गुळगुळीत, मोतिया.
आत मेणचट लोण्यात भिजलेली
तांबूस केसांची बट,
आणि भिंतीच्या उंचवट्यावर एक दाढ,
पुरी वाढलेली, कधी काहीच न चावलेली.

बाईंचे केस काळेभोर होते.
पोर्वेनिरच्या शाळेत त्या स्वयंपाक करायच्या.
एक्स-रेत दाढ दिसली तेव्हा हळूच विचारलं होतं,
'कुणाची?'
तुमचीच, सेन्योरा.
जन्माआधीच वाट चुकलेली एक पेशी.
तिला सगळं करता येत होतं,
कुठे काय करायचं, तेवढंच सांगायचं राहिलं.

तेव्हापासून वीस हिवाळे.
नातालेसहून आलेलं तीन दिवसांचं बाळ,
पाठीच्या टोकाला त्याच्याच डोक्याएवढी दुसरी ओझी.
सर्जननं गाठीबरोबर माकडहाडही काढलं,
ते मागे ठेवलं तर गाठ परत येते.
तो वेल्डिंग करणारा पोरगा,
खोकल्यातून केस पडायचे त्याच्या,
वर्षभर मांजरीला दोष देत होता;
छातीच्या हाडामागे मुठीएवढं बिऱ्हाड निघालं.
आणि खेकडे धरणारा इस्माएल,
लाजेपायी आठ महिने उशिरा आलेला.
जांघेतून चीर घेऊन वृषण काढलं, चार वेळा औषध चढवलं,
रक्तातले आकडे उतरले, केस गळले,
पोटामागे मात्र काही गोळे तसेच, मख्ख.
जे धावत होतं ते औषधानं मारलं,
जे बसून होतं त्याला चाकूच लागला.

ओतिलिया बार्रियाचं सांगायला मी टाळते.
एकोणीस वर्षांची, बुटांच्या दुकानात कामाला.
एका मंगळवारी तिनं गिऱ्हाइकाला ओळखलं नाही,
गुरुवारी आईला.
मग ओठ आपोआप चावत राहायचे,
हात हवेत नसलेल्या नाड्या बांधायचे.
मावशी म्हणाली, करणी आहे, चिलोएहून कुणीतरी केलीय.
मनोविकाराच्या वॉर्डानं गोळ्या वाढवल्या.
नवा न्यूरॉलॉजिस्ट म्हणाला, पोटाची सोनोग्राफी करा.
लोक हसले.
डोकं फिरलंय पोरीचं, आणि हा पोट बघतो!

डाव्या अंडाशयात, ऑलिव्हएवढी.

भिंगाखाली मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
केस होते, थोडी चरबी होती,
आणि एका कोपऱ्यात मेंदू.
मेंदूचा एवढासा तुकडा, फिकट गुलाबी,
भोवती निळ्या पेशींची दाटी,
दंगलीत शिरल्यासारखी.
शरीराच्या पहाऱ्याला नको तिथे मेंदू सापडला,
त्यांनी त्याच्यावर हत्यारं घडवली,
आणि तीच हत्यारं घेऊन
वर, खऱ्या घरावर चालून गेले.

मी अहवाल लिहिला. दीड ओळ.
रक्तातला द्रव बदलला, स्टिरॉइड दिले.
गाठ गेली म्हणून पोरगी लगेच परतली असं झालं नाही.
वाऱ्यानं खिडक्या हादरायच्या,
मावशी काचेवर ओल्या बोटानं क्रूस काढायची,
तो वाळायचा.

सातव्या आठवड्यात नर्स चादर बदलत होती.
ओतिलियानं तिच्या पायांकडे पाहिलं,
बराच वेळ, धंद्यातल्या माणसासारखं,
आणि म्हणाली,
'सदतीस.
पण तुम्ही छत्तीस घालता.'